मेन पाडला तरी फिरणारा पंखा

१९ मे २०१७

राजदीप,

जयभीम.

पत्र पाहून हसशील. हातात फोन असताना ताईला पोस्ट कसं आठवलं म्हणशील. तर फोनवर तू "मीटिंगमध्ये आहे ताई, मग करतो" म्हणतोस, आणि तुझा तो 'मग' काही नागपूरहून मुकुटबनची एसटी धरत नाही. पत्राला मीटिंग नसते. कधी तरी वाचशीलच.

वस्तीतल्या बायका रागावल्या आहेत. तुझ्यावर नाही, माझ्यावर. तुमच्या वीज वाचवायच्या कंपनीच्या माणसांनी मागच्या महिन्यात घरोघरी टिनाखाली पांढरं छत ठोकलं, बल्ब बदलले, नवे पंखे टांगले. छताबद्दल कुणाची तक्रार नाही. भर दुपारी घरात बसता येतं, मुलं झोपतात. भांडण आहे ते पंख्याचं. माझ्या घरचा पंखा मेन स्विच पाडला तरी फिरतो आणि यांचा फिरत नाही.

तुला आठवत असेल, हिवाळ्यात तू सगळ्यांच्या आधी माझं घर केलंस. स्वतः शिडीवर चढून छत बसवलंस, माणसांना हातही लावू दिला नाहीस. मला केवढं कौतुक वाटलं होतं! पुढे एकदा बल्ब पुसायला मी मेन पाडला, तर बल्ब विझला आणि पंखा आपला गरगर सुरूच. मी घाबरून तुला फोन केला. तू हसलास आणि म्हणालास, "ताई, नवा पंखा आहे तो. करंट साठवून ठेवतो." मी शेजारच्या रुखमाबाईला बोलावून दाखवलं. तिने तिच्या जावेला आणलं. मग काय, अख्खी वस्ती येऊन गेली आणि मी बाजारातल्या मदाऱ्यासारखी प्रत्येकीपुढे मेन पाडत राहिले.

पौर्णिमेला विहारात वंदना झाल्यावर मी उभी राहिले. माझं बिल निम्म्याहून खाली आलं हे सांगितलं. रोख काही द्यायचं नाही, हप्ता लाईट बिलातूनच जातो आणि बिल इतकं उतरतं की हप्ता लागल्याचं कळतही नाही, हे तू पढवलंस तसंच सांगितलं. शेवटी म्हणाले, माझ्या शब्दावर घ्या. त्यांनी घेतलं. कापूस वेचणीच्या टोळीत काटा माझ्या हाती असतो. मी सांगितलेलं वजन मालकही मानतो आणि बायकाही मानतात, मग पंख्याचं कोण तपासून पाहणार?

आता घरोघरी मेन पाडून पाहतात आणि पंखा जागच्या जागी थांबतो. परवा हापशीवर रुखमाबाई सगळ्यांदेखत म्हणाली, "काहून वं शीलाबाई, भावानं बहिणीले असली पंखा देला अन् आमाले डुप्लिकेट?" वरून आणखी विचारते, "गावातली लाईन गेली का तुह्याही पंखा बंद पडते. साठोलेला करंट तवा कुठी जाते वं?" मी तिला चांगलीच झापली. म्हटलं, पॉलिटेक्निक तू शिकलीस की माझा भाऊ?

तेव्हा यांना माझ्यासारखे पंखे पाठव. तुझ्या माणसांनी गडबड केली असेल तर त्यांचे कान उपट. वैष्णवीला आशीर्वाद सांग. तिला मळमळ होत असेल तर लिंबाचं लोणचं पाठवते.

तुझी ताई


२८ ऑक्टोबर २०१७

राजदीप,

जयभीम. पंखे आले नाहीत आणि पत्राचं उत्तरही नाही. वैष्णवीला मुलगी झाली हे मला पांढरकवड्याच्या मावशीकडून कळलं. आत्याला शेवटी सांगायचं, अशी नवी पद्धत निघाली असेल तर तेही लिही.

यंदा इकडचं काही विचारू नकोस. कपाशी डोक्याएवढी वाढली, पण बोंड फोडलं की आत गुलाबी अळी. बापूजींनी माझ्या पुढ्यात दहा-पंधरा बोंडं फोडली आणि मग हात झटकून बांधावर बसून राहिले. मालकाची ही गत, तर वेचणीवर जगणाऱ्या बायकांचं काय ते तूच समज. काम नाही. त्यात ही बिलं.

बिलं उतरली नाहीत, राजदीप. एकीचंही उतरलं नाही. थोडं इकडे-तिकडे झालं असेल, पण वर हप्ता बसला आणि पहिल्यापेक्षा जास्त भरावं लागतं आहे. रुखमाबाईच्या घरी आधी होतं काय? दोन बल्ब आणि एक कुरकुरणारा पंखा, तोही पाहुणा आला तरच लावायची. अशा घरातून तुम्ही वाचवणार काय, अंधार? हे मला आता सुचतं आहे. तू तर शिकलेला आहेस. तुला आधी सुचलं असेल ना?

तिने दोन बिलं थकवली आणि लाईनमनने वायर काढून नेली. आता छत थंड आहे आणि घरात चिमणी जळते. तू म्हणायचास, हप्ता माणसाच्या मागे लागत नाही, मीटरच्या मागे लागतो. लोकांना ते बरं वाटलं होतं. पण मीटर कुठे उचलून कामाला जातो का?

आणि माझं बिल मात्र अजून कमीच येतं. बिल वाटणारा पोरगा माझं बिल मोठ्याने वाचतो. पूर्वी मला त्याचं कोण कौतुक वाटायचं! आता त्याने खिडकीतून टाकून निमूट जावं असं वाटतं.

खरं सांगायचं ते पुढेच आहे. बापूजींच्या वावरात पहिला वेचा झाला. संध्याकाळी कडुलिंबाला काटा टांगला, गाठोडी रांगेत ठेवली आणि मी नेहमीसारखी पुढे गेले. तर मागून कुणी तरी म्हणालं, "आज काटा रुखमाबाईले धरू द्या." कोण म्हणालं ते कळलं नाही, पण नाही कुणीच म्हणालं नाही. बापूजींनी माझ्याकडे पाहिलं. काय झालं असं त्यांनी विचारलं असतं तर मी तिथेच रडले असते. मी काट्याचा आकडा सोडला आणि माझं गाठोडं उचलून रांगेत शेवटी जाऊन उभी राहिले.

बहिणीला चांगलं दिलं आणि बाकीच्यांच्या गळ्यात खोटं मारलं, असं त्यांना वाटतं. मी सगळ्यांना सांगते की माझा भाऊ असा नाही. तू एकदा ये, विहारात उभा राहा आणि तुझ्या तोंडाने सांग. माझ्या बोलण्यावर आता कुणाचा भरवसा नाही.

तुझी ताई


१५ डिसेंबर २०१७

राजदीप,

सोमवारी वानरांची टोळी आली. काळतोंडी, शेपट्या उचलून, या टिनावरून त्या टिनावर. एक धिप्पाड नर माझ्या घरावर असा आदळला की मागचं टिन उचकटलं. टिनं ठोकायला गावात उकंडाभाऊशिवाय आहे कोण? रुखमाबाई माझ्याशी बोलत नाही, पण तिचा नवरा बिचारा आला. चढला. थोड्या वेळाने वरूनच हसायला लागला. मी विचारलं, काय झालं? तर म्हणाला, "बाई, तुह्या पंख्याले मीटरची वळखच नाई!"

मला काही समजेना. मग त्याने मला शिडीवर चढवलं आणि बोटाने दाखवलं. खांबावरून वायर येते, ती टिनाखाली शिरते आणि मग मीटरला जाते. मीटरला पोहोचायच्या आधीच तिला एक जोड दिलेला आहे. वर काळी पट्टी गुंडाळली आहे, अगदी नीटनेटकी, तुझ्या हातची. तिथून दुसरी वायर पांढऱ्या छतावरून सरळ पंख्याला आणि टीव्ही-कूलरच्या बटनाला गेली आहे. मीटरला कळतात ते फक्त बल्ब.

म्हणून मेन पाडला तरी पंखा फिरतो. म्हणून माझं बिल निम्म्याहून खाली.

म्हणजे मी अख्ख्या वस्तीला घरी बोलावून, मेन पाडून पाडून, चोरी दाखवत होते. आणि त्या टाळ्या वाजवत होत्या. आणि मी वरून म्हणत होते, माझा भाऊ इंजिनियर आहे.

अरे, हसायला येतं ना? उकंडाभाऊला आलंच. मला त्या शिडीवरून खाली उतरता येईना. त्याने धरून उतरवलं आणि पाणी दिलं, माझ्याच घरातलं.

दोन दिवस मी तुझ्या बाजूने वकिली करून पाहिली. म्हटलं, दुसऱ्या कुणी केलं असेल. पण छत तू बसवलंस, एकट्याने, शिडीवर दुसऱ्याला चढू न देता. म्हटलं, बहिणीचं बिल वाचावं म्हणून मायेपोटी केलं असेल. तसं असतं तर मी तुला चार शिव्या घातल्या असत्या आणि माफही केलं असतं. पण माया नव्हती ती. तुला एक असं घर दाखवायचं होतं की जिथे बिल उतरलं आहे. खऱ्या रस्त्याने कुणाचंच उतरणार नव्हतं, हे तुला पहिल्या दिवसापासून माहीत होतं. आणि तुला एक अशी बाई हवी होती जिच्यावर लोक विश्वास ठेवतात. ती शोधायला तुला लांब जावं लागलं नाही.

मी फोन केला तेव्हा तू हसलास. करंट साठवून ठेवतो म्हणालास. ते हसणं माझ्या कानातून जात नाही. त्याच वेळी सांगितलं असतंस तरी चाललं असतं. तेव्हा वस्तीत एकीनेही अंगठा दिला नव्हता.

दर पौर्णिमेला मी विहारात पंचशील म्हणते. जे दिलेलं नाही ते घेणार नाही, खोटं बोलणार नाही. सगळ्यात मोठा आवाज माझा असतो. केसाने गळा कापणं म्हणतात ना, ते मी आजवर नुसतं ऐकलं होतं.

मी उकंडाभाऊला ती वायर कापायला लावली. तो म्हणाला, "राहू दे ना बाई, कोणाले मालूम?" मी म्हटलं, काप.


८ जानेवारी २०१८

राजदीप,

मी विहारात सांगून टाकलं. माझ्या घरी चोरीची वायर होती, ती राजदीपने टाकली होती, मला ठाऊक नव्हतं, बिल खोटं होतं, मी तुम्हाला जे सांगितलं ते सगळं खोटं ठरलं. एका दमात बोलले. वाटलं होतं, आता शिव्या देतील. दिल्या असत्या तर बरं झालं असतं.

मग रुखमाबाई उठली. म्हणाली, "वायर टाकाचीच होती तं आमच्या घरी काहून नाई टाकली?" सगळ्या हसल्या. दुसरी म्हणाली, "तुह्या घरात तू राह्यतं, तुह्या डोक्यावर वायर, अन् तुले मालूम नाई? आमी का लहान लेकरं हाओ?"

बघ, काय झालं ते. खरं बोलले आणि आणखी खोटी पडले. आधी त्यांना वाटायचं, शीलाबाईला चांगला पंखा मिळाला. आता वाटतं, शीलाबाई भावाबरोबर सामील होती आणि उकंडाने पाहिलं म्हणून कबूल झाली. आणि उकंडाभाऊही माझ्या बाजूने काही बोलला नाही. खाली मान घालून बसला. बायकोपुढे त्याचं काही चालत नाही.

वेचणीला मला आता बोलवत नाहीत. मी आपली मी जाते, कपाशीच्या शेवटच्या ओळीत उभी राहते. बोलतात, नाही असं नाही. चुना दे, तंबाखू दे. पण मी काही सांगायला लागले की एकमेकींकडे बघतात. आपल्या बापाने या वस्तीत काही ठेवलं नाही, ना शेत ना मोठं घर. माझ्याजवळ होतं ते एवढंच, की ही बाई सांगते ते खरं. ते तू नेलंस आणि मला न विचारता नेलंस.

बातमी विजेच्या ऑफिसात गेली. तिघं जण आले, टिन उचकटून पाहिलं, कापलेल्या वायरीचं टोक पाहिलं. मीटर माझ्या नावावर, म्हणून चोरीही माझ्या नावावर. पुढच्या महिन्यात जबानीला बोलावलं आहे. तुमच्या कंपनीतही कळवणार म्हणाले. तेव्हा तुला आता ताईची आठवण येईल. माझं म्हणणं एकच आहे. तू ये, आणि जे केलंस ते सांग. दंड मी भरीन. नोकरी गेली तर इकडे ये, भाकरीला कमी पडणार नाही. पण सांग.


२ फेब्रुवारी २०१८

राजदीप,

फोन आला तुझा. एवढ्या महिन्यांत पहिल्यांदा तू आपणहून केलास. आता त्या फोनबद्दल तुला सांगते.

आम्ही बापूजींच्या वावरात होतो. बापूजी कपाशी उपटून टाकणार आहेत, त्याआधी उरलंसुरलं वेचायचं होतं. दुपारी बांधावर बोरीच्या सावलीला सगळ्या जेवायला बसल्या होत्या. पूर्वी माझी जागा मध्ये असायची, आता कडेला असते. फोन वाजला. माझे हात भाकरी-ठेच्याने भरलेले, म्हणून मी नेहमी करते तसा तो मोठ्या आवाजावर लावला आणि गाठोड्यावर ठेवला. तू विचारलंस, "ताई, बोलू का?" मी म्हणाले, बोल.

मी मुद्दाम लावला नव्हता. पण बंदही केला नाही.

तू रडत होतास. तुझं रडणं खरं होतं, ते मला ओळखता येतं. नोकरी जाईल म्हणालास, फ्लॅटचं म्हणालास, मुलीचं नाव घेतलंस. "ताई, मी फसलो गं. महिन्याला इतकी घरं करा म्हणून वरून दट्ट्या होता. तुला कशाला सांगू? तू तोंडावर खोटं बोलू शकत नाहीस, म्हणून तर तुला सांगितलं नाही." माझा घास तोंडातच राहिला. समोर बायकांचे हात थांबले होते.

तिथेच तू थांबला असतास, राजदीप! तेवढ्यावर मी विरघळले होते. आपलेच दात, आपलेच ओठ. जबानीत सगळं स्वतःवर घ्यावं, असं माझ्या मनात येऊन गेलं होतं. वायर मीच कुणाकडून टाकून घेतली, एवढंच म्हणायचं होतं.

पण तू पुढे बोललास. "ताई, तू फक्त उकंडाचं नाव घे. तो टिनावर चढतो हे गावाला माहीत आहे. वायर त्यानेच कापली, त्यानेच टाकली असेल. त्याच्या घरची लाईन तशीही कापलेली आहे, त्याला काय फरक पडतो?"

रुखमाबाई माझ्यासमोर बसली होती. हातभर अंतरावर.

तुला मी म्हणाले, बघते. तू "तुझ्याशिवाय माझं कोण आहे" म्हणालास आणि फोन ठेवलास. तुला वाटलं असेल, ताई एकटी आहे. ताई आता एकटीच असते, तेही खरंच होतं.

माझी मान वर होईना. मग रुखमाबाई उठली आणि माझ्या शेजारी येऊन बसली. म्हणाली, "तुले खरंच मालूम नव्हतं वं." मी मान हलवली. ती म्हणाली, "आमी किती बोललो तुले." मग पाठीवर हात ठेवून तिने मला रडू दिलं. बाकीच्या उठून वेचायला लागल्या, माझ्या वाट्याची ओळही त्यांनीच वेचली.

माझा शब्द मला परत मिळाला, राजदीप. तुझ्याच तोंडून मिळाला. तू विहारात उभा राहून सांग म्हणून मी तीन महिने विनवलं, ते तू वावरात सांगितलंस आणि तुला कळलंही नाही. याचा आनंद व्हायला हवा. होत नाही.

काल आम्ही तिघं वणीला गेलो, मी, रुखमाबाई आणि उकंडाभाऊ. जाताना एसटीत उकंडाभाऊ हळूच म्हणाला, "बाई, माह्यं नाव घेतलं तरी चालंल. पोराची नोकरी हाय." त्यावर रुखमाबाईने असे डोळे वटारले की तो खिडकीबाहेर बघत बसला. तू ज्याला अडकवायला निघालास, तो तुझ्यासाठी हे बोलत होता. एवढं फक्त लक्षात ठेव.

ऑफिसात एक वयस्कर साहेब होते. चांगले होते, मला बसायला खुर्ची दिली. त्यांनी विचारलं, "वायर कोणी टाकली?" मी तुझं नाव सांगितलं. पूर्ण नाव, बापाच्या नावासकट. ते लिहून घेत होते. "उकंडाचा काही संबंध?" मी म्हणाले, नाही, त्याने टिन ठोकलं आणि मी सांगितलं म्हणून वायर कापली. त्यांनी तेही लिहिलं. मग चष्मा काढून त्यांनी विचारलं, "बाई, एवढं नक्की सांगता आहात, या माणसाशी तुमचं काही भांडण? शेतीचं, घराचं?"

मी म्हणाले, काही नाही.

"मग हा राजदीप तुमचा कोण?"

रुखमाबाईने माझा हात धरला. उकंडाभाऊ भिंतीकडे बघत होता. मी म्हणाले, "भाऊ आहे, साहेब. पाठचा. माझ्या कडेवर वाढलेला."

शीला